निष्कास नळी सोडविणे
एंजिनातील ज्वलनानंतरचे वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांची जुळणी वाहनापासून अलग करण्याची क्रिया. पिकअप ट्रकसारख्या मालवाहू गाडीत ही जुळणी तळाशी उघडी असल्याने लवकर गंजते. ज्वलनातून निर्माण होणारी वाफ नळी निवताच आत द्रवरूप होते. कल्याणसारख्या खाडीकाठच्या शहरात पावसाळ्यातील चिखलपाण्याची त्यात भर पडते. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे नट-बोल्टांचे आटे घट्ट रुततात. नुसता जोर लावल्यास बोल्ट तुटतो. म्हणून एंजिन निवल्यावर गाडी भक्कम टेकूंवर घेऊन आट्यांत पातळ तेल मुरू देतात व नट थोडा मागेपुढे फिरवीत सोडवितात. तरीही न सुटल्यास तेल पुसून, इंधननळीपासून ज्योत दूर ठेवून नट तापवितात. तो प्रसरण पावून सैल होतो. टांगणीची रबरे साबणाच्या पाण्याने निसटतात. नळी करवतीने कापणे हा शेवटचा उपाय होय; मात्र कापताना उत्प्रेरकी परिवर्तकाला धक्का लावीत नाहीत, कारण विषारी वायूंचे प्रमाण तोच घटवितो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १२० नुसार सायलेन्सर बसविणे बंधनकारक आहे. पुनर्जोडणीत सांधे वायुरोधी असणे आवश्यक असते. अन्यथा रंगहीन व गंधहीन कार्बन मोनॉक्साइड चालककक्षात शिरून प्राणघातक ठरू शकतो.