बर्फाळ मुलखातला राखणदार : अकिता

जपानमधल्या हाचिको कुत्र्याची गोष्ट तुमच्या मुलांनी सिनेमात पाहिली असेल. त्याचे धनी प्रा. उएनो तोक्योच्या शाही विद्यापीठात शेतकीचे प्राध्यापक होते. १९२५ च्या मे महिन्यात ते कामावर असतानाच वारले. हाचिको मात्र पुढे जवळजवळ दहा वर्षे, १९३५ साली मरेपर्यंत, त्यांची वाट पाहत शिबुया स्टेशनावर येत राहिला. सिनेमा पाहून पोरे हट्ट धरतात, "असाच कुत्रा आणा!" आणण्याआधी एवढे वाचा.

हाचिको जातीने अकिता. होन्शू बेटाच्या उत्तरेकडे अकिता नावाचा डोंगराळ मुलूख आहे. हिवाळ्यात तिथे माणूसभर बर्फ साचते. तिथले शिकारी हे कुत्रे घेऊन अस्वलाच्या मागावर जात. उभे कान, पाठीवर वळलेली शेपूट. तोंडवळा आपल्याकडच्या पामेरियनच्या वळणाचा, पण भरलेला नर चाळीस किलोच्या आसपास! १९३१ साली जपान सरकारने या जातीला राष्ट्रीय ठेवा म्हणून संरक्षण दिले. तरी महायुद्धात माणसांनाच खायला नव्हते, कुत्र्यांची कातडी सैनिकांच्या कोटांसाठी जाऊ लागली. काही लोकांनी डोंगरातल्या खेड्यांत कुत्री लपवली, म्हणून वाण टिकला.

त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर राठ, आत लोकरीसारखा मऊ. वर्षातून दोनदा आतली लोकर पुंजक्यापुंजक्याने गळते. तेव्हा रोज फणी फिरवावी. उन्हाळा आहे म्हणून केस भादरू नयेत. कातडी उन्हाने भाजते. पत्र्याच्या शेडखाली तर त्याला कधीच बांधू नये. गार फरशी, दाट सावली, भरलेले पाण्याचे भांडे हवे आणि फिरणे दिवस उगवायच्या आत व्हावे. माझे मत विचाराल तर विदर्भाच्या उन्हात हा कुत्रा आणणे म्हणजे त्या जिवाला शिक्षाच.

स्वभावाने तो शांत, कमी भुंकणारा, पण हेकट. मारून तो ऐकत नाही. पिलू असतानाच त्याला पाहुणे, मुले, गुरे यांची सवय लावावी. इतर कुत्र्यांशी, विशेषतः नराशी नराचे, सहसा जमत नाही. म्हणून गावात मोकळा सोडू नये. डोळे लाल झाले, पाणी गळू लागले किंवा नाकाचा काळा रंग उडू लागला, तर घरगुती औषधात दिवस घालवू नका, जनावरांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. या जातीत असा एक रोग आढळतो, त्यात दृष्टी जाते.

आणि डास. हाचिकोचे जतन केलेले अवयव २०११ साली पुन्हा तपासले गेले, तेव्हा कर्करोगाबरोबर त्याच्या हृदयात जंतही आढळले. हे जंत डास चावल्याने होतात. पावसाळ्याआधी डॉक्टरांना विचारून त्यावरची गोळी सुरू करा. पिसाळीची लस तर दरवर्षी हवीच, मग कुत्रा कुठल्याही जातीचा असो.