बारावीनंतर लॉ : कायद्याच्या कॉलेजात नेमकं काय शिकवतात?

बारावीचा निकाल लागला की पनवेलच्या मोहल्ल्यांतले पालक आम्हा शिक्षकांकडे चौकशीला येतात. मेडिकल, इंजिनिअरिंग, फार्मसी, डी.एड. सगळं विचारतात. लॉबद्दल क्वचितच कोणी विचारतं. आम्ही सुचवलं तर उत्तर ठरलेलं, "सर, वकिलीत खोटं बोलावं लागतं," किंवा "मुलीला कोर्टात कसं पाठवायचं?" म्हणून ही थोडी माहिती.

कायद्याच्या पदवीचे दोन रस्ते आहेत. बारावीनंतर पाच वर्षं, किंवा कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षं. खुल्या प्रवर्गाला किमान 45 टक्के गुण लागतात. राज्यातल्या बहुतेक कॉलेजांसाठी एमएच-सीईटी लॉ द्यावी लागते. ही परीक्षा मराठीतूनही देता येते. मुंबईच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठासारख्या संस्थांसाठी क्लॅट असते, ती इंग्रजीतच. आपल्या नवीन पनवेलमध्येच मुंबई विद्यापीठाशी संलग्न भागुबाई चांगू ठाकूर विधी महाविद्यालय आहे. म्हणजे त्यासाठी रोज लोकलने मुंबई गाठायलाच हवी असं नाही.

कलमं पाठ केली की वकील झाला, असा समज आहे. पण बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार मसुदा लेखन, व्यावसायिक नीतिमत्ता, मध्यस्थी-तडजोड आणि मूट कोर्ट म्हणजे सरावाचा खटला, हे सक्तीचे विषय आहेत. शिवाय पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात 20 आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात 12 आठवडे इंटर्नशिप करावी लागते. मूट कोर्टात विद्यार्थ्याला कधी वादीची बाजू मिळते, कधी प्रतिवादीची. समोरच्याचं म्हणणं नीट समजून घेतल्याशिवाय उत्तर देता येत नाही. आणि नीतिमत्तेच्या पेपरात कोर्टाची दिशाभूल करू नये, हेच शिकवलं जातं.

याचा आपल्या घराशी काय संबंध? कौटुंबिक कायद्यात निकाह, मेहर, तलाक, हिबा, वारसा असं सगळं शिकवतात. शरीअतने मुलीला वारशात हिस्सा दिला आहे, 1937 च्या शरीअत कायद्यानेही वारशाचा हक्क मान्य केला आहे. तरी आपल्याकडे वालिद गेल्यावर बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवलं जातं आणि ती न वाचता सही करते. सातबारावरून तिचं नाव जातं. घरात एक मुलगी कायदा शिकलेली असेल तर ती निदान एवढं विचारेल, "आपा, कशावर सही करतेस?"

अडचणीही आहेत. निकालपत्रं इंग्रजीत असतात, उर्दू-मराठी माध्यमाच्या मुलांना पहिलं वर्ष जड जातं. त्यासाठी अकरावीपासून रोज इंग्रजी वर्तमानपत्राचं एक पान वाचायला लावा. सुरुवातीची कमाईही कमी असते, ते घरात आधीच बोलून घ्या. सनद नोंदणीची फी मात्र आता आवाक्यात आहे. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती खुल्या प्रवर्गासाठी 750 रुपयांपेक्षा जास्त घेऊ नये असं ठरवलं.

बदरुद्दीन तय्यबजी 1867 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे पहिले भारतीय बॅरिस्टर झाले. आपल्याच रायगडचे अ. र. अंतुले बॅरिस्टर होऊन मुख्यमंत्रिपदापर्यंत पोहोचले. त्यांच्या नावाचं लॉ कॉलेज आज अंजुमन-ए-इस्लाम मुंबईत चालवते. या वर्षी बारावीला असलेल्या मुला-मुलींशी घरात बसून बोला. फॉर्म भरताना यादीत लॉचंही नाव असू द्या.