लिम्फोमाच्या दुखण्यातून उठलेले मूल आणि शाळा

कर्करोग हा केवळ प्रौढांचा रोग, ही समजूत आपल्याकडे अजून दृढ आहे. वस्तुतः तो बालकांसही होतो. आणि त्यांपैकी लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, योग्य उपचारांनी बहुतेक वेळा बरा होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सुरू केलेल्या बालकर्करोगविषयक उपक्रमात ज्या सहा रोगांवर विशेष भर दिला आहे, त्यांत हॉजकिन व बर्किट हे लिम्फोमाचे दोन प्रकार आहेत.

बारामती व इंदापूर तालुक्यांतील मूल या रोगाने आजारी पडले, म्हणजे त्यास उपचारांसाठी पुण्यास, अथवा १९४१ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात नेले जाते. काही महिन्यांनी ते शाळेत परतते. तेव्हा त्याची चाल, अक्षर व एकाग्रता पूर्वीसारखी असेलच असे नाही. हा फरक आळसाचा नसून मज्जासंस्थेवरील परिणामाचा असू शकतो, हे शिक्षकांनी जाणणे अगत्याचे आहे.

हे परिणाम कशामुळे होतात?

पहिले कारण रोग स्वतः. गाठ पाठीच्या कण्याजवळ वाढल्यास मज्जारज्जूवर दाब येतो. रोग मेंदूच्या आवरणांत पसरल्यास डोकेदुखी, वांती, तोंड एका बाजूस वाकडे होणे किंवा एकाची दोन दिसणे ही लक्षणे उद्भवतात.

दुसरे कारण औषधे. आपल्या शाळांच्या अंगणांत फुलणाऱ्या सदाफुलीपासूनच व्हिन्क्रिस्टीन हे मोलाचे औषध मिळते. (मात्र सदाफुलीची पाने खाणे हा उपचार नव्हे, ती विषारी असतात.) या औषधाने हातापायांच्या मज्जातंतूंस इजा होऊ शकते. मग मुंग्या येतात, पाऊल लोंबते, चालताना चप्पल निसटते, बोटांत पेन्सिल ठरत नाही, सदऱ्याची बटणे लावता येत नाहीत. औषध थांबल्यावर हा त्रास बहुधा हळूहळू कमी होतो. परंतु त्यास महिने लागतात. मेथोट्रेक्सेट या दुसऱ्या औषधाने क्वचित झटके येतात, किंवा एका बाजूचे हातपाय काही काळ लुळे पडतात. पुढे काही मुलांची आकलनाची गती मंदावते.

तिसरे कारण संसर्ग. उपचारकाळात प्रतिकारशक्ती क्षीण असल्याने साधा ज्वरही घातक ठरू शकतो. वर्गात कांजिण्या अथवा गोवर आढळल्यास अशा मुलाच्या पालकांस त्याच दिवशी कळवावे.

तातडीची लक्षणे

पाठदुखीसह पायांतील शक्ती जाणे, लघवी अडणे, झटके, गुंगी, दृष्टी वा वाचा अकस्मात जाणे, ताप येणे, यांपैकी काहीही घडल्यास शाळा सुटण्याची वाट पाहू नये. पालकांस बोलावून मुलास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. बारामती येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व इंदापूर येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. मूळ उपचार करणाऱ्या डॉक्टरांसही कळवावे. उपचारांची कागदपत्रे मुलासोबत द्यावीत.

झटका आल्यास मुलास कुशीवर वळवावे, भोवतालच्या टणक वस्तू दूर कराव्यात व घड्याळ पाहावे. तोंडात चमचा घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. झटका पाच मिनिटांपेक्षा अधिक टिकल्यास धोका वाढतो.

वर्गातील व्यवस्था

मुलास पुढे व दाराजवळ बसवावे. लेखन कमी करून तोंडी उत्तरे घ्यावीत. परीक्षेत अधिक वेळ मिळावा म्हणून मुख्याध्यापकांमार्फत वेळेवर प्रयत्न करावा. कवायतीची सक्ती नसावी. परंतु खेळातून त्यास वगळूही नये. केस गळलेल्या मुलाची थट्टा होणार नाही, याची दक्षता घ्यावी. हा रोग स्पर्शाने किंवा एकत्र जेवण्याने पसरत नाही, हे इतर मुलांस व त्यांच्या पालकांस स्पष्ट सांगावे. ऊसतोडीच्या हंगामासाठी कुटुंब अन्यत्र जाणार असल्यास तपासणीच्या तारखा चुकू नयेत म्हणून पालकांस आठवण द्यावी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा अशा मुलाविषयी, तसेच कित्येक आठवडे न जिरणारी मानेतील गाठ असलेल्या कोणत्याही मुलाविषयी त्यास आवर्जून सांगावे. अशी गाठ क्षयाची असू शकते, लिम्फोमाचीही असू शकते. निर्णय तपासणीनेच होतो.

बिघडलेले अक्षर पाहून छडी उगारणे किंवा शेरा लिहिणे सोपे आहे. ते अक्षर कालपर्यंत कसे होते, हे मात्र वर्गशिक्षकालाच ठाऊक असते. हा फरक त्याने वेळीच पालकांच्या व डॉक्टरांच्या कानी घातला, तर मुलाची पुढील हानी टळू शकते.