डोनर कोण आहे?

यांच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी नाशिकच्या एका रक्तपेढीत बाकावर बसले होते. काउंटरवरची मुलगी येईल त्याला एकच विचारत होती, "डोनर कोण आहे?" माझ्या शेजारी पेठ तालुक्यातले एक भाऊ होते. बाळंतपणात त्यांच्या भावजयीचं रक्त फार गेलं होतं. दुसरीत शाळा सुटल्याचं त्यांनीच मला सांगितलं होतं. ते उठून म्हणाले, "मीच डोनर." मी ३१ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, पण कुणी हा शब्द इतक्या आपलेपणानं उच्चारलेला तोवर ऐकला नव्हता. तेव्हापासून त्याच्या मागावर आहे.

शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये. डोनम म्हणजे भेट आणि डोनारे म्हणजे दान करणं. इंग्लंडच्या कोर्टकचेऱ्यांत नॉर्मन राजवटीपासून एक प्रकारची फ्रेंच चालत असे. तिच्यातून पंधराव्या शतकात 'डोनर' इंग्रजीत आला. तेव्हा डोनर म्हणजे जमीनजुमला दुसऱ्याच्या नावे करून देणारा. आपल्याकडे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बक्षीसपत्र करून देतो, तोच माणूस. रक्ताशी हा शब्द जोडला गेला तो विसाव्या शतकात. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगटांची माहिती प्रसिद्ध केली आणि एकाचं रक्त दुसऱ्याला सुरक्षितपणे देण्याची वाट मोकळी झाली. पुढे मूत्रपिंड, यकृत देणाराही डोनर झाला. इलेक्ट्रॉनिक्समध्ये तर सिलिकॉनमध्ये मिसळलेल्या फॉस्फरसच्या अणूलाही डोनर म्हणतात, कारण त्याच्याकडे बंधासाठी लागतो त्याहून एक इलेक्ट्रॉन जास्त असतो आणि तो तो देऊन टाकतो.

हा पाहुणा आपल्या भावकीतलाच आहे. संस्कृतचा 'दा' धातू, त्यावरून दान आणि दाता. लॅटिनचं डारे, ग्रीकचं डिडोमी, फारसीचं दादन, सगळी एकाच मुळाची. डॉक्टर सांगतात तो औषधाचा 'डोस' ग्रीकमध्ये नुसता 'देणं' होता. 'डेटा' म्हणजे दिलेलं. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत डेटिव्ह नावाची विभक्ती भेटते, ती देण्याची विभक्ती. आपली चतुर्थीही तीच. 'स, ला, ते' घोकताना 'संप्रदान' हा तिचा अर्थ आपण पाठ करतो, त्यात दान आहेच. हे मला उमगलं तेव्हा नोकरीची शेवटची दोन वर्षं उरली होती. आधी कळतं तर वर्गात किती वेगळं शिकवलं असतं!

देणाऱ्याचं नाव जपून ठेवण्याची रीतही नाशिकला जुनी आहे. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून गेलं की भिंतींवर ब्राह्मीतले लेख दिसतात. त्यांत 'दान' आणि 'देयधम' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरच्या लेखात कुणी राजा नाही, दान करणारे म्हणून नाशिककरांचा उल्लेख आहे. मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते दहाव्या लेण्यातलं दान. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं ३००० कार्षापणं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. गंगापूरजवळचं गोवर्धन आजही त्याच नावानं उभं आहे. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज खर्चायचं, म्हणून ही 'अक्षयनीवी'. २००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक व्याज, म्हणजे वर्षाला २४०. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२. हिशेब तंतोतंत जमतो. लेण्यासमोर उभी राहून मी तो बोटांवर मोजला आहे. त्याच लेण्यात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेचाही लेख आहे. आजारी भिक्खूंच्या औषधासाठी तिनं पैसे ठेवले, तेही गोवर्धनच्याच श्रेणींकडे. त्यांत तेल गाळणारे होते. रक्तपेढीच्या बाकावर मला ही बाई माहीत असायला हवी होती, असं फार वाटतं.

आपल्या 'देणं' या शब्दाची खोली मला इंग्रजीतल्या कुठल्याही एका शब्दात सापडली नाही. गळा गोड असला तर ते देवाचं देणं. वाण्याची उधारी राहिली तर तेही देणं. आणि 'मी समाजाचं देणं लागतो' असं म्हणणाऱ्याला यातलं काय म्हणायचं असतं, भेट की कर्ज? मला वाटतं, दोन्ही. डोनर शब्दात ही कर्जाची बाजू येत नाही. म्हणून तो वापरावा, पण त्याच्यापायी आपला दाता अडगळीत टाकू नये.

त्या रात्री भावांचा अर्ज मीच भरून दिला. वय, वजन, पत्ता झाला. 'रक्तदात्याचे नाव' या रकान्याशी माझं पेन थांबलेलं पाहून त्यांनी बोट ठेवलं आणि विचारलं, "ताई, इथं डोनरचं नाव टाकायचं ना?" मी हो म्हटलं आणि त्यांचं नाव लिहिलं.