घरचा ओव्हन आणि केकचे भांडे : नेमके चुकते कुठे?



केक मध्येच बसला, नानकटाई खालून करपली आणि वरून पांढरीफटक राहिली, पाव बाहेरून टणक आणि आतून ओला निघाला, की घरात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. "रेसिपीच चुकीची असणार," हे एक. आणि दुसरे, "माझ्या हाताला हे जमतच नाही." बऱ्याचदा दोन्ही खरी नसतात. मैदा तोच, लोणी तेच, अंडी तेवढीच, तरी शेजारच्या काकूंचा केक फुलतो आणि आपला बसतो, कारण त्यांचा ओव्हन वेगळा आहे आणि त्यांचे भांडे वेगळे आहे. आज या दोन गोष्टी नीट समजून घेऊया. शाळेतला उष्णतेचा धडा इथे पुरेपूर वापरायचा आहे, त्यामुळे मुलांनीही सोबत बसून वाचायला हरकत नाही.

आपल्याकडे घरोघरी ओव्हन नव्हते तेव्हा दिवाळीच्या आधी मैदा, रवा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीत जायचे आणि नानकटाई भाजून आणायची, अशी पद्धत होती. अजूनही काही गावांत आहे. त्या भट्टीच्या भिंती जाड विटांच्या. एकदा तापल्या की तासन् तास उष्णता धरून ठेवतात. दार उघडले, थंड ट्रे आत सरकवला, तरी भट्टीला फारसा फरक पडत नाही. आपला ओटीजी म्हणजे मात्र पातळ पत्र्याची पेटी आणि तिला काचेचे दार. लवकर तापते, तशीच लवकर निवते. बेकरीवाल्याने दहा वेळा दार उघडले म्हणून आपणही उघडायचे, हे इथे चालत नाही.

उष्णता तीन वाटांनी येते

वहन, अभिसरण आणि प्रारण हे तिन्ही शब्द पाठ असतात, पण ओव्हनमध्ये ते डोळ्यांनी दिसतात. ट्रे किंवा भांड्याच्या तळातून पिठात शिरते ती वहनाची उष्णता. आतली गरम हवा फिरते आणि भांड्याच्या चारी बाजूंना लागते, ते अभिसरण. आणि लालबुंद झालेल्या रॉडमधून थेट येऊन वरच्या पृष्ठभागावर पडते, ते प्रारण. नानकटाई खालून करपते तेव्हा ट्रे खालच्या रॉडच्या फार जवळ असतो. वरून रंग येत नाही तेव्हा वरचा रॉड बंद असतो किंवा ट्रे त्याच्यापासून खूप लांब असतो. म्हणजे दोष पिठात नाही, ट्रेच्या जागेत आहे.

केक, बिस्किटे, नानकटाई यांसाठी दोन्ही रॉड चालू आणि भांडे असे ठेवायचे की केकचा मध्यभाग साधारण ओव्हनच्या मध्याशी येईल. उंच भांडे असेल तर जाळी एक खाच खाली. फक्त वरचा रॉड कधी? गोव्याच्या बेबिंकाचे उदाहरण बघा. त्यात एकेक थर ओतून वरून भाजायचा असतो. पूर्वी झाकणावर निखारे ठेवून ते करत, आता तेच काम ओटीजीचा वरचा रॉड करतो. खालून आच राहिली असती तर शेवटचा थर होईपर्यंत पहिल्याचा कोळसा झाला असता.

बटणावरचा आकडा खरा असतो का?

बटणावर 180 लिहिलेले आहे म्हणजे आत 180 अंश सेल्सिअस आहेत असे आपण धरून चालतो. घरगुती ओव्हनमध्ये 15-20 अंशांचा फरक अगदी सहज असतो. शिवाय थर्मोस्टॅट तापमान एका जागी धरून ठेवतच नाही. ठरलेला आकडा गाठला की तो रॉड बंद करतो, थोडे निवले की पुन्हा चालू करतो. म्हणून दिवा लागतो, विझतो, परत लागतो. 180 हा त्या चढउताराचा मध्य असला म्हणजे झाले.

पहिल्यांदा दिवा विझला की लगेच केक आत ढकलायचा, हीसुद्धा घाईच. तेव्हा हवा तापलेली असते, भिंती आणि जाळी अजून तापायच्या असतात. दार उघडताच ती हवा बाहेर जाते आणि मागे उष्णता धरून ठेवणारे काहीच उरत नाही. दिवा दोन-तीन वेळा लागून विझू द्या. साधारण 15 मिनिटे जातात.

खरे तापमान कळायला जाळीवर टांगायचा ओव्हन थर्मामीटर मिळतो. तो काहीशे रुपयांचा असतो आणि माझ्या मते दुसरे कोणतेही भांडे घेण्याआधी तोच घ्यावा. तो नसेल तर साखरेची परीक्षा करता येते. साखर सुमारे 186 अंशांना वितळते. ॲल्युमिनियम फॉइलची छोटी वाटी करा, तिच्यात अर्धा चमचा साखर घाला, आणि ओव्हन 175 वर नीट तापवून ती 15 मिनिटे मधल्या जाळीवर ठेवा. साखर वितळली तर तुमचा ओव्हन सांगतो त्यापेक्षा गरम आहे. नव्या साखरेने हेच 190 वर करा. या वेळी वितळायला हवी. नाही वितळली तर ओव्हन मागे पडतोय. (वितळलेली साखर त्वचेला चिकटते आणि वाईट भाजते. मुलांनी हा प्रयोग मोठ्यांसोबतच करावा.)

तापमान सगळीकडे सारखे आहे का, याची परीक्षा आणखी सोपी. जाळीवर पावाचे स्लाइस शेजारी शेजारी मांडून 180 वर रंग येईपर्यंत भाजा. जिथले स्लाइस आधी तांबूस होतील तो तुमच्या ओव्हनचा तापट कोपरा. बहुतेक ओव्हनना असा एखादा कोपरा असतोच. तो कळला की नानकटाईचा ट्रे कधी फिरवून ठेवायचा तेही कळते.

इथे एक गोष्ट परदेशी व्हिडिओंत कुणी सांगत नाही, ती म्हणजे व्होल्टेज. रॉडची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 230 व्होल्टवर 1500 वॉट देणारा ओव्हन संध्याकाळी 200 व्होल्टवर चालला तर साधारण 1130 वॉटच देतो, म्हणजे जवळजवळ पाव भाग गायब! ओव्हन तापायला वेळ लागतो, दार उघडल्यावर सावरायला त्याहून जास्त. ज्यांच्याकडे संध्याकाळी पंखे हळू फिरतात त्यांनी केक सकाळी किंवा दुपारी करून बघावा. आणि हाच 1500 वॉटचा ओव्हन साडेसहा ॲम्पिअर प्रवाह घेतो, म्हणून तो 6 ॲम्पिअरच्या छोट्या पिनेत लावू नका. मोठी 16 ॲम्पिअरची पिनच हवी. साधी एक्स्टेन्शन वायर तर नकोच.

अंशांचा अजून एक घोळ. इंटरनेटवरच्या बऱ्याच रेसिपी अमेरिकन असतात आणि त्यातले 350 हे फॅरनहाइट असते. त्यातून 32 वजा करा, 5 ने गुणा, 9 ने भागा. उत्तर येते 177, म्हणजे आपले 180च.

मायक्रोवेव्हबद्दल थोडक्यात. साध्या मायक्रोवेव्हमध्ये अन्नातले पाणी तापते, बाहेरची हवा थंडच राहते, म्हणून केक शिजतो पण भाजला जात नाही, रंग येत नाही. कन्व्हेक्शनचे बटण असेल तर त्यात हीटर आणि पंखा असतो. तो मोड ओव्हनसारखाच, आणि त्या मोडमध्ये धातूचे भांडे चालते. मायक्रो किंवा कॉम्बी मोडमध्ये नाही. पंखा उष्णता जास्त वेगाने पोचवतो, म्हणून साध्या ओव्हनसाठी लिहिलेली रेसिपी असेल तर 15-20 अंश कमी ठेवा.

भांडे म्हणजे अर्धा ओव्हन

पीठ ओव्हनला कुठे शिवते? वरच्या बाजूला तेवढे. बाकी सगळीकडे ते भांड्याला शिवते. म्हणून भांडे बदलले की ओव्हन बदलल्यासारखेच होते.

ॲल्युमिनियम हे स्टेनलेस स्टीलपेक्षा दहापटीहून जास्त चांगले उष्णतावाहक आहे. घरातल्या स्टीलच्या डब्यात केला तर केकच्या तळाला कुठे डाग आणि कुठे फिकटपणा येतो, त्याचे कारण हेच. उष्णता तळभर पसरतच नाही. जरा जाड, हातात घेतल्यावर न वाकणारे ॲल्युमिनियमचे भांडे घ्या. अगदी पातळ पत्र्याचे भांडे तापल्यावर वाकते आणि केक तिरका होतो.

रंगाकडेही लक्ष द्या. काळा पृष्ठभाग प्रारण शोषतो, चकचकीत पृष्ठभाग ते परत पाठवतो. उन्हाळ्यात काळी छत्री तापते ना, तसेच. काळ्या नॉनस्टिक भांड्यात केकच्या कडा लवकर गडद आणि कडक होतात, तेव्हा 10-15 अंश कमी ठेवायचे. पण पिझ्झा किंवा पावाला खालून खरपूसपणा हवा असेल तर तेच काळे भांडे फायद्याचे. त्यामुळे कुठले भांडे चांगले, या प्रश्नाला "कशासाठी?" असा उलट प्रश्न विचारावा लागतो.

काच मंद. तापायला वेळ घेते, पण तापली की सोडत नाही. केक बाहेर काढल्यावरही कडा भाजल्या जात राहतात. काचेच्या भांड्यात 10-15 अंश कमी आणि वेळ थोडा जास्त. फ्रिजमधून काढलेले काचेचे भांडे थेट गरम ओव्हनमध्ये किंवा गरम भांडे ओल्या ओट्यावर ठेवू नये, तडकते. सिलिकॉनमध्ये केक सुटतो छान, पण रंग फिका येतो. मफिनला ठीक, मोठ्या केकला मला ते आवडत नाही.

आता मापाकडे येऊ. सगळ्यात जास्त केक इथे फसतात असे मला वाटते, आणि हे निव्वळ गणित आहे. गोल भांड्याचे क्षेत्रफळ πr². 6 इंची भांड्याचे सुमारे 28 चौरस इंच, 7 इंचीचे 38, 8 इंचीचे 50. बाजारात सहा आणि आठ शेजारी ठेवले तर फार फरक वाटत नाही, पण 8 इंचीचे पीठ 6 इंचीत ओतले तर थर जवळजवळ पावणेदोनपट जाड होतो. मग कडा होऊन जातात आणि मध्य कच्चा राहतो. आपण वर रंग आलेला बघून केक बाहेर काढतो आणि तो डोळ्यांदेखत बसतो. 8 इंची चौकोनी भांडे तर 64 चौरस इंचांचे, म्हणजे गोल आठपेक्षा बरेच मोठे. रेसिपीत गोल की चौकोनी हे वाचायलाच हवे. भांडे अर्ध्यापासून फार तर दोनतृतीयांश भरावे.

केक मध्येच बसण्याचे दुसरे कारण दार. पिठातले बुडबुडे गरम होऊन फुगतात, आणि अंड्यातली प्रथिने व मैद्यातला स्टार्च घट्ट होऊन त्यांच्याभोवती भिंत उभी राहते. भिंत उभी राहण्याआधी दार उघडले की हवा निवते, बुडबुडे आकसतात, छप्पर खाली येते. 40 मिनिटांचा केक असेल तर पहिली 30 मिनिटे दाराला हात नको. काच आणि आतला दिवा बघण्यासाठीच आहेत.

उलट प्रकारही होतो, मध्ये डोंगर आणि वर भेग. कडा आधी घट्ट होतात, मधले पीठ फुगतच राहते आणि वाट काढते. आच 10-20 अंशांनी कमी केली तर बहुधा सुधारते. सुती कापडाची पट्टी भिजवून, पिळून भांड्याच्या बाहेरून गुंडाळली तरी चालते. कापडात पाणी आहे तोवर त्याचे तापमान 100 च्या फारसे वर जात नाही, म्हणून कडा हळू भाजतात. पट्टी रॉडला लागणार नाही एवढे मात्र बघा.

आज कितीतरी बायका घरून केकच्या ऑर्डर घेतात. एक किलोचा केक फसला तर लोणी-अंड्यांचा खर्च तर जातोच, पण वाढदिवस संध्याकाळी असतो आणि पुन्हा करायला वेळ नसतो. अशा घरात दहा आकारांची स्वस्त भांडी असण्यापेक्षा 6 आणि 8 इंची अशी दोन जाड ॲल्युमिनियमची भांडी, एक चपटा ट्रे आणि थर्मामीटर असावा. विकत घेण्यापूर्वी ओव्हनची आतली रुंदी मोजा. भांड्याभोवती चारी बाजूंना किमान 4-5 सेंटिमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर हवा फिरणार कुठून? ओव्हनभर बसणारा मोठा ट्रे घेऊन नानकटाई एकदम उरकायचा मोह होतो. त्यात खालच्या रॉडची उष्णता खालीच अडकते आणि मग तीच तक्रार, खालून काळी, वरून पांढरी.

करून पाहा

एकाच मापाची दोन भांडी घ्या, एक चकचकीत ॲल्युमिनियमचे आणि एक काळे. एकच पीठ वजन करून दोन्हींत सारखे घाला. दोन्ही एकाच जाळीवर शेजारी ठेवता आली तर उत्तम, मध्ये थोडी जागा सोडून. अर्धा वेळ झाल्यावर लगेच बदलाबदल करू नका, आधी सांगितलेले दाराचे लक्षात आहे ना? केक झाल्यावर 10 मिनिटे भांड्यातच निवू द्या, मग दोन्ही उलटे करून शेजारी ठेवा. तळाचा रंग, कडेचा कडकपणा आणि मधली उंची वहीत लिहा. त्याच पानावर तारीख, बटणावरचा आकडा, थर्मामीटरचा आकडा आणि मिनिटे लिहा. मग दोन्ही केक खा, आणि कोणता आधी संपला तेही लिहा.