नगरपंचायतीचा ठराव कसा वाचावा



वसंतातल्या व्याख्यानात साहित्य-संगीत सोडून हा गटारांचा आणि निविदांचा विषय कशाला, असे पुष्कळांना वाटले असेल. ज्या तालुक्याने माडगूळकर बंधू आणि शंकरराव खरात मराठीला दिले, त्या आटपाडीत तर ही तक्रार रास्तच आहे. परंतु आम्ही पडलो कामगार चळवळीतली माणसे. आमची शाळा सातवीत सुटली, पुढे विट्याच्या यंत्रमागावर उभे राहिलो, आणि वाचनाची खरी गोडी लागली ती हजेरीपत्रकापासून. आपला पगार कोणत्या रकान्यात कापला गेला हे कळावे म्हणून आम्ही वाचायला शिकलो. गावाच्या कारभाराचे कागदही असेच वाचता येतात, एवढेच आज सांगायचे आहे.

आटपाडीची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली, आणि डिसेंबर 2025 मध्ये तिची पहिली निवडणूक झाली. सतरा नगरसेवक आणि मतदारांनी थेट निवडलेला नगराध्यक्ष अशी तिची रचना. खेड्याचे शहर होत असताना मधल्या अवस्थेतील गावासाठी नगरपंचायत असावी, ही तरतूद 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने आणली. आपल्याकडे तिचा कारभार 1965 च्या नगरपरिषदांच्या कायद्याखाली चालतो. मुख्याधिकारी सरकारने नेमलेला असतो. सभा ठराव करते, तो अंमल करतो.

ह्या बदलात गावाला पुष्कळ मिळाले. पण एक गोष्ट गेली, तिची चर्चा फारशी होत नाही. ग्रामसभा गेली. ग्रामपंचायत असताना कोणीही मतदार, मग तो मेंढपाळ असो की मोलकरीण, ग्रामसभेत उठून हिशेब विचारू शकत होता. नगरपंचायतीच्या सभेत प्रश्न विचारण्याचा आणि मत देण्याचा अधिकार फक्त सभासदांचा. आपण पाच वर्षांतून एकदा बोट शाईत बुडवणार आणि मध्ये गप्प राहणार, असे होऊ द्यायचे नसेल तर गेलेल्या ग्रामसभेची भरपाई एकाच मार्गाने होते : ठराव वाचणे.

ही भूमी ह्या बाबतीत अडाणी नाही. आटपाडी औंध संस्थानात होती. त्या संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी 1939 साली महात्मा गांधींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्याची घटना दिली आणि कारभाराचा पाया गावपंचायतीत घातला. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले, आणि कैद्यांवर विश्वास टाकून त्यांना भिंतीविना ठेवण्याचा प्रयोग झाला. पुढे 1993 पासून नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या, आणि तेरा दुष्काळी तालुक्यांतील माणसे कृष्णेच्या पाण्याचा हिशेब मागू लागली. टेंभूचे पाणी नुसती वाट पाहून माणदेशात आलेले नाही. ज्यांनी धरणाच्या पाण्याचा हिशेब मागितला, त्यांना आपल्या बोळातल्या नळाचा हिशेब मागणे अवघड का जावे?

आता ठराव होतो कसा ते पाहू. सभेची नोटीस निघते, तिला विषयपत्रिका जोडलेली असते. सभेत विषय वाचला जातो, एक सूचक होतो, एक अनुमोदक होतो, आणि कार्यवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' असे लिहिले जाते. परंतु ठराव झाला म्हणजे काम झाले नव्हे. त्यानंतर अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तकातील नोंद आणि शेवटी देयक, अशी ही साखळी आहे. नागरिकाने सर्वांत सावध राहावे ते विषयपत्रिकेच्या तळाशी. तेथे 'आयत्या वेळचे विषय' असे तीन शब्द असतात. अडीअडचणीसाठी ही वाट ठेवलेली आहे. पण ज्या विषयाची आधी चर्चा झाली तर अडचण होईल असा विषयही ह्याच वाटेने येऊ शकतो. म्हणून कार्यवृत्त वाचताना आम्ही तळाकडून वर वाचतो.

ठराव हातात आला की तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, पैसा कोणत्या पेटीतला? नगरपंचायतीची तिजोरी एक दिसली तरी तिच्यात अनेक पेट्या असतात. घरपट्टी-पाणीपट्टीचा पैसा स्वतःचा. नगरोत्थानचा किंवा वस्ती सुधार योजनेचा पैसा ठरल्या कामाचा. 2021 ते 2026 ह्या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने लहान शहरांना जे अनुदान ठरवले, त्यातला साठ टक्के वाटा पिण्याचे पाणी आणि स्वच्छता ह्यांनाच बांधलेला होता. 'निधी आला आहे, खर्च केला नाही तर परत जाईल' हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येते, आणि ते खोटे नसते. पण त्या घाईत जे काम हाताशी असेल ते होते, आणि जे गरजेचे असेल ते राहते. म्हणून निधी येण्यापूर्वीच गरजेच्या कामांची क्रमवार यादी सभेने मंजूर करून ठेवली पाहिजे.

दुसरा प्रश्न, क्रम कोणता? आधी जलवाहिनी, मग गटार, मग रस्ता, हा क्रम गवंड्याच्या हाताखालच्या पोरालाही ठाऊक असतो. तरी गावोगाव आधी काँक्रीट होते आणि वर्षभरात नळासाठी तेच फोडले जाते. कारण रस्ता दिसतो, त्याच्या कडेला नावाची पाटी लागते. जमिनीखालच्या नळावर पाटी लावता येत नाही. आणि गटाराच्या ठरावात त्याचा शेवट कोठे आहे हे जरूर पाहावे. आटपाडीच्या मधून शुक ओढा जातो. उताराचे पाणी शेवटी ओढ्यालाच मिळणार. ज्या ठरावात गटाराची लांबी आहे पण पाण्यावर प्रक्रिया कोठे होणार ते नाही, तो ठराव घाण हलवतो, घालवत नाही.

तिसरा प्रश्न आमच्या जिव्हाळ्याचा : हे काम उद्या चालवणार कोणाचे हात? एका नव्या नगरपंचायतीत आम्ही सफाई कामगारांची संघटना बांधली होती. ग्रामपंचायतीच्या काळापासून झाडणाऱ्या बाया होत्या. नव्या आकृतिबंधात त्यांतल्या निम्म्यांना जागा मिळाली नाही, आणि सभेने एका ओळीचा ठराव केला : 'शहर सफाईचे काम ठेकेदारामार्फत करून घेण्यास मान्यता.' दोन महिने पगार झाला नाही. आम्ही कार्यालयात गेलो तेव्हा 'ठेकेदाराला विचारा' असे सांगण्यात आले, आणि ठेकेदार म्हणाला, 'बिल निघाले नाही.' एक बाई आम्हांला म्हणाली, 'दादा, माझा मालक कोण तेवढं तरी कागदावर दाखवा.' तो कागद आम्ही त्या दिवशी दाखवू शकलो नाही, कारण ठराव होताना आम्ही तो वाचलाच नव्हता. ती चूक आमची.

त्या ठेक्याचे गणित मग आम्ही मांडून पाहिले. समजा, सफाईच्या अंदाजपत्रकात शंभर रुपयांपैकी ऐंशी रुपये मजुरीचे आहेत, किमान वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी धरून. उरलेल्या वीस रुपयांत डिझेल, झाडू, हातमोजे आणि ठेकेदाराचा नफा. एकाने हे काम पंचाहत्तर रुपयांत घेतले. त्याने डिझेल, झाडू आणि नफा सगळे सोडून दिले तरी मजुरीतले पाच रुपये कापावेच लागतील! सभागृहात हा आकडा 'पंचवीस टक्के बचत' म्हणून वाचला जातो. ही बचत कोणाच्या ताटातली, हे विचारणे विरोधासाठी विरोध नव्हे, साधी वजाबाकी आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने तो द्यावा, हे तत्त्व 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते. आता नव्या कामगार संहितांतही ते कायम आहे. तसेच गटारात किंवा मैलाटाकीत सुरक्षेच्या साधनांविना माणूस उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. असा मृत्यू झाल्यास तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये दिला. जी नगरपंचायत गटार बांधताना ते उपसण्याच्या यंत्राची तरतूद करत नाही, ती नकळत कोणाचा तरी जीव अंदाजपत्रकात धरते.

एकट्याने विचारून काय होणार, असे कोणी म्हणेल. महात्मा जोतीराव फुले 1876 ते 1882 ह्या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. 1880 साली व्हाइसरॉयच्या भेटीनिमित्त एक हजार रुपये खर्चाचा ठराव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावावा अशी भूमिका घेऊन त्यांनी एकट्याने विरोधी मत दिले. ठराव मंजूर झाला. पण आज त्या सभेतले दुसरे कोणते मत आपल्याला आठवते?

आपल्या हाती साधनेही आहेत. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या अर्जावर ठराव, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तक मागता येते. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. ठराव बेकायदेशीर असेल तर त्याची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार 1965 च्या कायद्यातील कलम 308 ने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. आणि सर्वांत स्वस्त साधन म्हणजे आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला सभेच्या आधी गाठून विषयपत्रिका मागणे. आठ-दहा माणसांनी पारावर बसून ती मोठ्याने वाचावी. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही वजाबाकी येते.

आटपाडीची ही पहिलीच निवडून आलेली सभा आहे. पहिल्या सभेने जी वहिवाट पाडली ती पुढच्यांना रीत म्हणून मिळते. विषयपत्रिका आधी फलकावर लावण्याची, नळाआधी रस्ता न करण्याची, आणि झाडणाऱ्या बाईचा मालक कागदावर स्पष्ट लिहिण्याची वहिवाट आताच पडली तर पुढे ती मोडणाऱ्याला लाज वाटेल. ती पाडायला नगरसेवकांना आपण भाग पाडू या. उद्या सकाळी हे मैदान झाडायला जी बाई येईल, तिला तिच्या मालकाचे नाव विचारा. ते तिला सांगता आले नाही, तर नगरपंचायतीचा कोणता ठराव आधी वाचायचा हे तुम्हांला तेथेच कळेल.