सांधा लपतो, पुनरावृत्ती लपत नाही

मौद्याहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. त्यांचं फ्लेक्सचं दुकान आहे. रोवणी झालेल्या धानाच्या बांधीचा फोटो काढून, तोच तुकडा शेजारी शेजारी लावत त्यांनी एका मोठ्या बॅनरची पार्श्वभूमी भरली. बॅनर टांगल्यावर जागोजागी उभ्या-आडव्या रेघा दिसायला लागल्या. मग सॉफ्टवेअरमधलं ‘सीमलेस’चं बटण दाबलं. रेघा गेल्या, पण पानं धुरकट झाली आणि लांबून चौकटी दिसायच्या त्या दिसतातच. ‘असं का होतं?’

यात प्रश्न दोन आहेत. पहिल्याचं उत्तर पाच मिनिटांचं. दुसऱ्याच्या उत्तरात मात्र एका तर्कशास्त्रज्ञाचा चुकलेला अंदाज दडला आहे, आणि मला सांगायचा आहे तो खरं तर तोच.

आधी रेघा. फोटोची डावी आणि उजवी कड शेतात कधीच शेजारी नव्हती, मग ती जुळणार कशी? यावरची युक्ती जुनी आहे. फोटोशॉपमध्ये आणि फुकट मिळणाऱ्या गिम्पमध्येही ‘ऑफसेट’ असतं. चित्र 1024 बाय 1024 पिक्सेलचं असेल तर ते 512 पिक्सेल उजवीकडे आणि 512 खाली सरकवायचं. उजवीकडून बाहेर पडलेला भाग डावीकडून आत येतो, खालून गेलेला वरून. आता ज्या नव्या कडा तयार झाल्या, त्या मूळ फोटोच्या मध्यावर एकमेकींना लागूनच होत्या. त्यामुळे त्या आपोआप जुळतात. न जुळणाऱ्या जुन्या कडा आता चित्राच्या मधोमध अधिकच्या चिन्हासारख्या दिसतात. क्लोन स्टॅम्पने इकडची पानं उचलून त्या चिन्हावर बसवायची, नव्या कडांना हात लावायचा नाही. झालं!

गणिती यात एक गंमत बघतात. चित्राची डावी कड उजवीला चिकटवली की नळी होते. नळीची दोन्ही तोंडं जोडली की मेदूवडा. वड्याच्या पृष्ठभागावर कुठेही फिरा, कड लागत नाही. ऑफसेट म्हणजे हा वडा नुसता फिरवणं. ‘एका क्लिकमध्ये सीमलेस’ अशी जाहिरात करणारी एआय साधनं येत असतात. त्यांच्या आतही बहुतेकदा हा वडाच असतो: चित्र घडवताना प्रोग्रामला सांगितलेलं असतं की उजव्या कडेपुढे डावी कड लागते. आमच्या वाचकांनी दाबलेलं जुनं बटण तेवढंही करत नाही. ते मूळ चित्रावर सरकवलेली प्रत अर्धपारदर्शक करून मिसळतं. दोन वेगळ्या पानांची सरासरी काढली की उजेड-सावलीतला फरक मरतो, आणि पानं धुरकट होतात.

आता चौकटी. त्यातल्या काही फोटोच्याच असतात. उतरत्या उन्हात काढलेल्या फोटोची एक बाजू उजळ, दुसरी गडद. लेन्समुळे कोपरेही थोडे काळवंडतात. डोळ्यांसमोर एकच तुकडा असतो तोवर हे जाणवत नाही. पन्नास तुकडे लागले की पट्टे पडतात. ढगाळ दिवशी, कॅमेरा सरळ खाली रोखून फोटो काढला की हा त्रास बराच कमी होतो.

तरीही एक पिवळं पान उरतंच. तुकड्यात ते एकदाच असतं, बॅनरवर ते रांगेत उभं राहतं. बेल लॅब्जमधल्या बेला युलेश यांनी 1960च्या दशकात संगणकाने ठिपक्यांचे पोत तयार करून दाखवलं होतं की काही फरक डोळा शोधत बसत नाही, ते त्याला आपसूक दिसतात. पिवळं पान त्यातलंच.

पुनरावृत्ती म्हणजे दोषच, असंही नाही. मौद्याच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, मोहाडी-आंधळगावकडे, मागावर करवतकाठी साडी विणतात. टसरच्या अंगाला लागून काठाचे दाते एकामागोमाग एक तसेच यायला हवेत. एक दाता चुकला तरी नजरेत भरतो. काठाची नक्षी एकाच दिशेने पुढे जाते, आणि अशा पट्टीत सममितीचे प्रकार जेमतेम 7. दोन्ही दिशांनी पसरणाऱ्या नक्षीचे 17. ती यादी फेदोरोव या रशियन स्फटिकशास्त्रज्ञाने 1891 मध्येच पुरी केली. धानाच्या बांधीला मात्र या 24 पैकी एकही प्रकार नको असतो.

इथे हाओ वाँग येतात. चीनमध्ये जन्मलेले हे तर्कशास्त्रज्ञ अमेरिकेत काम करत होते. चित्रांशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. तर्कशास्त्रातली काही विधानं यंत्राने तपासता येतील का, हा त्यांचा प्रश्न. 1961 मध्ये त्यांनी तो चौकोनांत मांडला. प्रत्येक चौकोनाच्या चार कडांना रंग, शेजारच्या कडांचे रंग जुळलेच पाहिजेत, चौकोन फिरवायचा नाही. वाँग यांचा अंदाज असा: दिलेल्या चौकोनांनी अमर्याद प्रतल भरता येत असेल, तर ते एकच नक्षी पुन्हा पुन्हा येईल असंही भरता येईल.

त्यांच्याच विद्यार्थ्याने, रॉबर्ट बर्गर याने, तो खोटा ठरवला. 1966 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात त्याने 20,426 प्रकारच्या चौकोनांचा संच दिला. त्याने प्रतल भरतं, पण नक्षी कधीच जशीच्या तशी आवर्तत नाही! मग ही संख्या उतरवण्याची चढाओढच लागली. 1996 मध्ये ती 13 वर आली, 2015 मध्ये 11 वर, आणि 11 हून कमी शक्यच नाही हेही तेव्हाच सिद्ध झालं. गणिती पेनरोज यांनी 1970च्या दशकात चौकोन सोडून दोन आकारांत हे साधलं. 2023 मध्ये एकाच आकारात साधणारी ‘हॅट’ जाहीर झाली. हॅटवर रकानेच्या रकाने छापून आले. त्या गर्दीत प्रश्न विचारणाऱ्या वाँग यांचं नाव शोधावं लागलं, याचा मला अजून राग आहे.

चित्रवाल्यांनी मात्र त्यांचे चौकोन उचलले. 2003 मध्ये मायकेल कोहेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रंगांच्या जागी फोटोच्या कडा घ्या, उभ्या-आडव्या प्रत्येकी दोन प्रकारच्या. मग 8 तुकडे पुरतात. पुढचा तुकडा ठेवताना वरची आणि डावी कड जुळवणारे निदान दोन पर्याय हाताशी असतात, त्यातला कुठलाही उचलायचा. पुनरावृत्ती कायमची टाळायची सक्तीही नाही, ती डोळ्याला सापडली नाही म्हणजे पुरे.

फ्लेक्सच्या दुकानात याची सोपी आवृत्ती चालेल. एक तुकडा ऑफसेटने नीट जुळवून घ्या. त्याच्या चार प्रती काढा, कडा तशाच ठेवून प्रत्येकीचा मधला भाग वेगळा करा. चारही कुठेही बसतात; हव्या तशा विखुरून लावा. पिवळं पान चारांपैकी एकातच ठेवा, किंवा सरळ काढून टाका. छपाईला देण्याआधी पूर्ण बॅनर स्क्रीनवर दहा टक्क्यांवर आणून बघा. तिथे चौकटी दिसल्या तर रस्त्यावरूनही त्या दिसणारच, आणि त्या घालवायला नवं सॉफ्टवेअर नको, पाचवा तुकडा हवा.